शून्य दलालीचे बिल कोण भरते?

शेअर दलालांची तुलना करणारे तक्ते मी बारकाईने वाचते. खाते उघडायला किती, वर्षाची देखभाल किती, डिलिव्हरीला (शेअर घेऊन ठेवायला) किती, इंट्राडेला (त्याच दिवशी घेऊन विकायला) किती, ऑप्शनच्या एका ऑर्डरला किती. फोंड्यात उच्च माध्यमिकला वाणिज्य शिकवत असल्याने ओळखीतले लोक शेअर ठेवायचे डिमॅट खाते उघडायच्या आधी मला विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या मोबाइलवर असा एखादा तक्ता आधीच उघडलेला असतो. "ताई, ह्यातला सगळ्यात स्वस्त कोण तेवढं सांग," इतकेच त्यांना हवे असते. तक्त्यातले आकडे खरे असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या आकड्यांनी एखाद्याचे घर बसते किंवा सावरते, ते तिथे नसतात. आणि गोव्यातल्या आमच्या काही गरजा तर असे तक्ते करणाऱ्यांच्या गावीही नाहीत. म्हणून हे जरा विस्ताराने लिहिते आहे.

आधी साधा हिशेब. समजा आपण १०,००० रुपयांचे शेअर डिलिव्हरीत घेतले. संध्याकाळी ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याचे बिल, येते. बहुतेक जण ती उघडत नाहीत. शेअर खात्यात दिसले की त्यांचे काम झाले. मी वर्गात मुलांना तिची एकेक ओळ वाचायला लावते. पहिली मोठी ओळ एसटीटीची, म्हणजे सौद्यावरच्या कराची, ०.१ टक्का, म्हणजे १० रुपये. ते सरकारचे. मग मुद्रांक शुल्क, ०.०१५ टक्के, म्हणजे दीड रुपया. तेही सरकारचे, आणि १ जुलै २०२० पासून सगळ्या देशात एकाच दराने. एक्स्चेंजचा आकार तीसेक पैसे. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचे शुल्क कोटीला १० रुपये, म्हणजे आपल्या वाट्याला जेमतेम एक पैसा. इथवर कुठल्याही दलालाकडे गेलात तरी फरक नाही.

फरक दलालीच्या ओळीत. मी हे लिहिते आहे तेव्हा झिरोधाकडे डिलिव्हरीची दलाली शून्य आहे. ग्रो आणि एंजल वन ०.१ टक्का घेतात, पण २० रुपयांच्या वर जात नाहीत. आपल्या उदाहरणात १० रुपये. शाखा असलेला, माणूस पाठवणारा, सल्ला देणारा जुन्या पद्धतीचा दलाल अर्धा टक्का घेतो असे धरले तर ५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. सगळे मिळून पहिल्याकडे बारा रुपयांच्या आत, दुसऱ्याकडे पावणेचोवीस, तिसऱ्याकडे एकाहत्तर. तक्ता इथे थांबतो, आणि वाचणाराही निर्णय घेऊन मोकळा होतो.

पण शेअर कधीतरी विकायचेही असतात. विकताना डीपी आकार, म्हणजे डिमॅट खात्यातून शेअर काढण्याचे शुल्क, लागतो आणि तो कॉन्ट्रॅक्ट नोटवर छापलेला नसतो; खात्याच्या लेजरमध्ये वेगळी नोंद पडते. झिरोधाचाच दर घेऊ: साडेतीन रुपये शेअर सांभाळणाऱ्या सीडीएसएल या संस्थेचे, साडेनऊ त्यांचे, वर जीएसटी, एकूण १५ रुपये ३४ पैसे. एका कंपनीचे शेअर एका दिवशी कितीही विका, आकार एकदाच. पण आज एक, उद्या एक, परवा एक असे विकले तर तीनदा. पाचशे रुपयांचा एकच शेअर विकणाऱ्याला हा आकार तीन टक्क्यांना पडतो. अर्धा टक्का दलाली महाग म्हणून जुना दलाल सोडून आलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही. महिन्याला पाचशे-हजाराची खरेदी करणाऱ्या आणि गरज लागली की थोडे थोडे विकणाऱ्या बायका माझ्या ओळखीत बऱ्याच आहेत. त्यांना मी एवढेच सांगते, विकायचे तर ठरवून एका दिवशी विका.

वार्षिक देखभाल शुल्काचेही तसेच. सेबीच्या नियमानुसार साध्या सेवेचे डिमॅट खाते असते, त्याला बीएसडीए म्हणतात. एका माणसाच्या नावावर एकच डिमॅट खाते असले आणि त्यातल्या शेअरची किंमत चार लाखांच्या आत असली, तर देखभाल शुल्क शून्य. चार ते दहा लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये. १ सप्टेंबर २०२४ पासून ही मर्यादा वाढली. निवृत्त शिक्षक, लहान दुकानदार, घरी बसून चार शेअर सांभाळणाऱ्या बायका, यांच्यापैकी बहुतेक जण यात बसतात. मागितल्याशिवाय हे मिळेलच असे धरून चालू नये. देखभालीचे तीनशे रुपये वाचवायला दलाल बदलण्याआधी आहे त्याच दलालाकडे हे मागून बघावे.

हे झाले लहान आकडे. आता मोठा.

झिरोधा १५ ऑगस्ट २०१० ला बंगळुरात सुरू झाली. त्याआधी दलाली टक्क्यांत होती. पणजीला किंवा मडगावला सब-ब्रोकरच्या कार्यालयात फोन करायचा, तो वर फोन करायचा, भाव सांगायचा, आणि दुपारनंतर किती कापले ते कळायचे. सौदा कितीही मोठा असला तरी ऑर्डरला २० रुपये, ही कल्पना तेव्हा कोणालाही खरी वाटली नसती. डिसेंबर २०१५ पासून त्यांनी डिलिव्हरीची दलाली काढूनच टाकली. या बदलाचे उपकार मी मानते. पाच-दहा हजार रुपये घेऊन बाजारात येणाऱ्या माणसाला तोवर कोणी दारात उभे करत नव्हते. सत्तरी तालुक्यातल्या खेड्यातली मुलगी आज मुंबईतल्या माणसाच्याच दराने शेअर घेते, हे लहान काम नाही.

पण शून्य दलालीवर कार्यालय चालत नाही. पगार, सर्व्हर, जाहिराती यांचे पैसे कुठून तरी यावे लागतात. काही वर्षे त्यातला एक वाटा असा यायचा: एक्स्चेंज मोठ्या उलाढालीच्या दलालाला आकारात सवलत द्यायचे, दलाल ग्राहकाकडून जास्त दराने घ्यायचा आणि मधला फरक त्याच्याकडे राहायचा. ग्राहकाला कॉन्ट्रॅक्ट नोटवर 'एक्स्चेंजचा आकार' असेच दिसायचे. सेबीने जुलै २०२४ मध्ये परिपत्रक काढून हे बंद केले. १ ऑक्टोबर २०२४ पासून एक्स्चेंजचा आकार सगळ्यांना एकच, आणि ग्राहकाकडून घेतात तेवढाच पुढे भरायचा. आपल्या उत्पन्नाचा साधारण दहा टक्के भाग यातून येत होता, असे झिरोधाच्या नितीन कामत यांनीच तेव्हा उघड सांगितले. एंजल वनने त्याच नोव्हेंबरपासून डिलिव्हरीवर दलाली सुरू केली. ज्यांची सेवा फुकट दिसत होती तिची किंमत तेव्हा पहिल्यांदा छापील स्वरूपात समोर आली.

तरीही मुख्य उत्पन्न वेगळेच. ते येते फ्युचर्स-ऑप्शनमधून, म्हणजे शेअर न घेता पुढच्या भावावर केलेल्या करारांमधून, २०-२० रुपयांच्या ऑर्डरींमधून. आणि तिथे कोण बसलेले असते ते मी माझ्या मामेभावाच्या निमित्ताने जवळून पाहिले.

त्याचे म्हापशाला हार्डवेअरचे दुकान आहे. आमच्याकडे दुकाने दुपारी एकला बंद होतात आणि साडेतीन-चारच्या पुढे उघडतात. ही दुपार पूर्वी जेवणाची आणि झोपेची होती. शेअर बाजार सुरू असतो सकाळी सव्वानऊ ते साडेतीन. म्हणजे दुकान बंद असते त्या वेळात बाजाराचे शेवटचे दोन-अडीच तास येतात, आणि एक्सपायरीच्या, म्हणजे करार संपायच्या, दिवशी ऑप्शनचे भाव सगळ्यात वेडेवाकडे पळतात ते याच वेळात. निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी आता मंगळवारी असते, सेन्सेक्सची गुरुवारी. शटर अर्धे ओढून, पंख्याखाली, काउंटरमागे मोबाइल धरून बसलेले दुकानदार म्हापशात किती आहेत ते त्या वेळी बाजारातून एक फेरी मारली तर दिसेल. मामेभाऊ त्यातलाच एक. बुद्धीने हुशार, हिशेबाला चोख. खिळ्यांच्या पेटीत किलोमागे किती सुटतात हे तोंडावर सांगणारा माणूस.

त्याने मला विचारले ते असे: "ताई, वीस रुपये जास्त होतात गो. दहाला करणारा कोणी आहे काय?" नव्या कंपनीचा तक्ता त्याच्याजवळ तयार होता. मी त्याला म्हटले, आधी गेल्या वर्षाचा नफा-तोट्याचा अहवाल उतरवून घे आणि शेवटच्या पानावरचे आकार वाच. तो वाचायला तयार झाला हा त्याचा मोठेपणा. मी त्याच्या आकड्यांऐवजी गोल आकडे सांगते. दिवसाला आठ ऑर्डर, म्हणजे चार सौदे, घ्यायचा एक आणि सोडायचा एक. आठ गुणिले वीस, एकशे साठ रुपये रोज. वर्षात बाजार २४५ दिवस उघडा धरला तर ३९,२०० रुपये. त्यावर जीएसटी धरून ४६,२५६. ही फक्त दलाली. एसटीटी आणि एक्स्चेंजचा आकार वेगळा. त्याच्या दुकानाच्या वर्षाच्या वीजबिलाहून ही रक्कम मोठी होती, आणि हे त्याच्या बायकोला माहीत नव्हते. तोटा किती होता ते मी लिहीत नाही. तो आकडा वाचताना तो काही बोलला नाही, आणि मलाही त्याच्या तोंडाकडे बघवले नाही.

तो एकटा नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर गेला होता. २०२३-२४ या एका वर्षात त्यांनी सरासरी माणशी २६,००० रुपये नुसते आकार आणि दलाली म्हणून भरले. पुढच्या वर्षीही दहातले नऊ तोट्यातच राहिले.

आता हे दोन हिशेब शेजारी ठेवून बघा. मी वर्षातून काही वेळा डिलिव्हरीत शेअर घेते आणि शून्य दलाली भरते. मला मिळणारे ॲप, अहवाल, फोनवरचा माणूस, हे सगळे माझ्या मामेभावासारख्यांच्या पैशांवर चालते. तो दुपारच्या झोपेच्या वेळी जे हरतो त्यातून माझा शून्य येतो. हे कळल्यापासून स्वस्त दलाल कोण या प्रश्नाला मी आधीसारखे सरळ उत्तर देऊ शकत नाही. एका ऑर्डरचा दर आणि वर्षाच्या ऑर्डरींची संख्या यांचा गुणाकार हा खरा खर्च, आणि त्यातली दुसरी बाजू कुठल्याही तक्त्यात येत नाही, कारण ती दलाल ठरवत नाही असे आपण समजतो. दलाल ती पुष्कळ प्रमाणात ठरवतो. ॲप उघडल्यावर पहिल्या पडद्यावर काय दिसते, रोज सकाळी कसली सूचना येते, ऑप्शनचे बटण खरेदीच्या बटणाच्या किती जवळ आहे, तोटा झाल्यावर 'पुन्हा' म्हणणारे काही डोळ्यांसमोर येते का, यावर ती ठरते. म्हणून आता कोणी दोन ॲपमधले कोणते असे विचारले की मी दोन्ही आठवडाभर नुसती बघायला सांगते. ज्यावर तुमचा फोन कमी वाजतो ते घ्या.

याच मोजमापाने बघितले तर काही गोष्टी मला मनापासून आवडल्या. झिरोधात 'किल स्विच' म्हणून सोय आहे. आपणच फ्युचर्स-ऑप्शनसारखा (एफअँडओ) एखादा विभाग बंद करून टाकायचा, आणि मग बारा तास तो उघडता येत नाही. मामेभावाला मी ती दाखवली. दर मंगळवारी सकाळी दुकान उघडतानाच तो आता ती दाबतो. ग्राहकाला थांबवणारी सोय दलालाने स्वतः बांधावी, ही सेवाच आहे, आणि दलालांची तुलना करताना तिला मी सगळ्यात वर ठेवते. मामेभावाच्या मुलीला यंदा अठरा पूर्ण झाली. तिचे खाते उघडले तेव्हा एफअँडओचा विभाग चालू करण्यासाठी उत्पन्नाचा पुरावा मागणारा पडदा आला. तो तिथेच सोडून पुढे जाता येते, आणि ती पुढे गेली.

सेवा हा शब्द तक्त्यांत एका रकान्यात येतो आणि त्यासमोर तारे काढलेले असतात. चार तारे, साडेचार तारे. पण सेवा लागते ती वाईट दिवशी. ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल. सेन्सेक्स एका दिवसात ४,३९० अंशांनी पडला. त्या सकाळी एका मोठ्या दलालाच्या ॲपमध्ये मला शिरताच येईना. चक्र फिरत राहिले. मला काही विकायचे नव्हते म्हणून निभावले. माझ्या सहकाऱ्याला विकायचे होते. त्याने फोन लावला तर रांगेत अमुक नंबर, असे यंत्राचे बोलणे. पावसाळ्यात वाळपई, केरी, काणकोणच्या आतल्या भागात वीज दोन-दोन दिवस जाते, मोबाइलला रेंज नसते. तिथे लँडलाइनवरून ऑर्डर घेणारा माणूस असणे ही चैन नव्हे. बहुतेक कमी दलाली घेणारे दलाल फोनवरच्या ऑर्डरला ५० रुपये आणि वर जीएसटी असे काहीसे घेतात. ते द्यायला माझी हरकत नाही. फोन उचलला गेला पाहिजे.

मात्र सेवेचा खरा अर्थ मला कळला तो डिचोलीच्या आत्येमुळे.

आतोबा खाणीवर नोकरीला होते. खाणपट्ट्यात त्या पिढीत 'सेसा गोवा'चे शेअर घरोघर होते. आपल्या डोंगरातली कंपनी म्हणून लोकांनी ते घेतले आणि विसरून ठेवले. २००७ मध्ये कंपनी वेदांताकडे गेली, २०१३ मध्ये स्टरलाइटशी एकत्र होऊन नाव 'सेसा स्टरलाइट' झाले, २०१५ मध्ये 'वेदांता'. मधे २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, भाव पडला, घरात पैशांची चणचण होती तरी आतोबांनी ते विकले नाहीत. ते गेले तेव्हा दोन डिमॅट खाती निघाली. एक पणजीत शाखा असलेल्या जुन्या दलालाकडे, दुसरे मुलाने नंतर उघडून दिलेले, ॲपवरचे, शून्य दलालीचे.

पणजीचा माणूस आपण होऊन डिचोलीला आला. आत्येने कागद बघून विचारले, "आमचे सेसा गोवाचे होते, हे वेदांताचे कुणाचे?" त्याने ओसरीवर बसून तिला तीस वर्षांचा सगळा प्रवास सांगितला, कुठल्या वर्षी शेअरचे तुकडे झाले, कधी नाव बदलले. मृत्यूचा दाखला, नामनिर्देशन, तिच्या खात्याची माहिती, सगळे त्यानेच लावले आणि तिची सही त्याच्यासमोर घेतली. आत्ये मराठीत सही करते आणि हात थरथरतो, त्यामुळे प्रत्येक सही वेगळी येते. हे त्याने डोळ्यांनी बघितले होते म्हणून अडले नाही. दुसऱ्या खात्याचे तेच काम परराज्यातल्या मुख्य कार्यालयाला कुरिअरने चालले. सही जुळत नाही म्हणून कागद परत आले. बँकेतून सही साक्षांकित करून पाठवले, तर दुसऱ्या कुठल्या पानावरची जुळत नाही म्हणून पुन्हा परत. फोनवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगायचे. आत्ये शेवटी म्हणाली, "राहू दे ते. किती असतील ते असतील." हे वाक्य ऐकून मला फार त्रास झाला. माणसाने आयुष्यभर सांभाळलेले पैसे बायकोने कंटाळून सोडून द्यावेत, इतकी ती प्रक्रिया लांबवणे योग्य नाही. आम्ही ते सोडू दिले नाही, शेवटी झाले.

अर्धा टक्का महाग म्हणून ज्या दलालाला आपण तक्त्यात तळाला टाकतो, त्याचा आत्येला वर्षाचा खर्च किती? ती काही घेत नाही, विकत नाही. देखभाल शुल्क तेवढे. आतोबा वर्षाला लाखाची खरेदी करायचे असे धरले तरी ५०० रुपये आणि जीएसटी. एवढ्यात त्यांनी, न कळत, बायकोसाठी ओसरीवर येऊन बसणारा माणूस विकत घेऊन ठेवला होता. सगळ्याच शाखावाल्यांकडे असा माणूस असतो असे मी म्हणणार नाही. विम्याच्या योजना आणि महिन्याला नवा शेअर गळ्यात मारणारे सल्लागारही मी पाहिले आहेत, आणि त्यांची 'फुकट' शिफारस वीस रुपयांच्या ऑर्डरीइतकीच महाग पडते. शाखेत जाऊन एकदाच विचारावे, खातेदार वारला तर पुढे काय करता? उत्तर देताना समोरचा फॉर्म काढतो की वेबसाइटकडे बोट दाखवतो ते पाहावे.

याच टप्प्यावर गोव्याचा कायदा येतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअरच्या बाबतीतही वारसा कायदाच चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. आणि आमच्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या पद्धतीप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणजे आतोबांच्या शेअरपैकी निम्मे आत्येचे आधीपासूनच होते. उरलेल्या निम्म्याचाच वारसा. दलालाच्या फॉर्ममध्ये यासाठी जागा नाही. देशभर एकच फॉर्म.

जिवंतपणीही हाच प्रश्न दर वर्षी जुलैत उभा राहतो. १९६१ च्या आयकर कायद्यात खास आमच्यासाठी कलम ५अ होते: या संहितेखालच्या जोडप्याचे पगार सोडून बाकी सगळे उत्पन्न निम्मे-निम्मे करून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचे. भाडे, व्याज, लाभांश, शेअरवरचा नफा, सगळे. समजा नवऱ्याच्या नावावरच्या शेअरमध्ये दोन लाखांचा दीर्घकालीन नफा झाला. एकट्याच्या नावावर धरला तर सव्वा लाखाची सूट वजा जाता ७५,००० वर साडेबारा टक्के, ९,३७५ रुपये आणि त्यावर सेस. निम्मा केला की दोघांना लाख-लाख, दोघेही सुटीच्या आत, कर शून्य. दलालांची दहा-वीस रुपयांची तुलना करत बसणाऱ्या गोव्यातल्या जोडप्यांपैकी कितींना हे माहीत आहे? माझ्या ओळखीतल्या काहींनी वर्षानुवर्षे सगळे एकाच पॅनवर दाखवले.

हे नीट करायला दलालाकडून कागद चांगला लागतो. प्रत्येक विक्रीची तारीख, खरेदीची किंमत, दीर्घकालीन आणि अल्पकालीन वेगळे, लाभांश कंपनीवार, त्यावर कापलेला टीडीएस, कारण टीडीएसही जोडीदाराकडे वाटून दाखवावा लागतो. काही दलाल हे सगळे एक्सेलमध्ये एका क्लिकवर देतात. काही एक पीडीएफ देतात ज्यातून आकडे हाताने उतरवावे लागतात. सीएकडे ती पीडीएफ घेऊन गेलात तर त्याची फी वाढते, आणि शून्य दलालीत वाचलेले तिथे जाते. दोन दलालांमध्ये निवड अडली असेल तर दोघांचा कर-अहवालाचा नमुना मागवा. बहुतेकांच्या मदत-पानांवर तो मिळतो.

मी माझ्या दलालाला लिहिले आहे. खातेदाराच्या माहितीत वैवाहिक स्थिती तुम्ही विचारताच. गोव्यातल्या विवाहित खातेदाराला सामाईक मालमत्तेची एक खूण करू द्या, आणि वर्षअखेरच्या अहवालात दोन रकाने द्या, एक त्याचा, एक जोडीदाराचा, टीडीएससकट. ज्यांचे अभियंते ऑप्शनचे भाव डोळ्याची पापणी लवायच्या आत बदलून दाखवतात, त्यांना दोनने भागायला कठीण जाऊ नये. उत्तर आले की सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. मी दुसरे पत्र लिहिले, त्यात फोंड्यातल्या आमच्या शाळेच्या आणखी सहकाऱ्यांनी सह्या केल्या. तुम्ही गोव्यातले असाल तर तुमच्या दलालालाही असेच लिहा, मराठीत लिहिले तरी चालेल, आणि पत्रात दलालीचा दर कमी करा असे मागू नका. दोन रकाने मागा.